रडारवरचं कोरं आभाळ

४ ऑक्टोबर
डोकं बधिर झालंय! विमान चालवायला शिकवणाऱ्या उदयसिंह सरांनी आज कऱ्हाडच्या धावपट्टीशेजारच्या वर्गात रडारचं चित्र दाखवलं. हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा जोराचा, लाल — तिकडं फिरकायचं नाही. इतपत कळलं. मग सरांनी एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितनं जाशील?" मी म्हटलं, हो, तिथं काहीच नाही.
"काय न्हाई, का दिसत न्हाई?"
कोण जाणे!

५ ऑक्टोबर
सर म्हणे, जोराचा पाऊस रडारचे किरण गिळतो. त्याच्या मागं केवढाही ढग असो, पडदा कोराच. पश्चिमेला किरण डोंगराला अडतात. लांब गेले की बुटक्या ढगांच्या डोक्यावरून निघून जातात. आणि आमच्या शिकाऊ विमानात रडारच नाही! टॅबवर येतं ते जमिनीवरच्या रडारचं, तेही शिळं.
मग बघायचं कशाला?
"बघायचं. पण त्येच्या भरवशावर जीव टांगायचा न्हाई."
जयराज — माझ्याच तुकडीतला, कोरेगावचा — हसला. "लय इचार करतीस. कोरं म्हंजे मोकळं. चल चहाला."

९ ऑक्टोबर
आज एकटीनं सोलापूरला जायचं होतं. चित्रात फलटणकडं एक लाल ठिपका, माझ्या वाटेवरच्या आटपाडीवर काहीच नाही. सर म्हणाले, "जा. नको वाटलं तर फीर."
विटा मागं पडलं आणि समोर काळीनिळी भिंत! टॅब बघितला — कोरा. पुन्हा बाहेर, पुन्हा टॅब. खोटं कोण बोलतंय? तेवढ्यात विमान धाडकन खाली गेलं, सावरलं, आणि मी वळले. रेडिओवर सांगितलं, परत येतेय.
माझ्या मागून निघालेला जयराज सोलापुरात पोचला. लख्ख उन्हातला फोटो, अंगठा वर.
मग मी बघितलं ते काय होतं?

१० ऑक्टोबर
सरांना विचारलं — मी बरोबर होते की नुसती घाबरले?
"मी तिथं न्हवतो, पोरी."
एवढंच!
विश्रामबागेतल्या घरून पप्पांचा फोन. सैन्यात सुभेदार होते ते. "माघार घ्यायलाबी छाती लागती, संयोगिता." समजूत काढत होते. उलट रडूच आलं.

१२ ऑक्टोबर
परत त्या दिवशीचं रडारचं चित्र बघत बसले. काही कळत नाही.

१३ ऑक्टोबर
सरांनी पुन्हा तोच मार्ग दिला. मी म्हटलं, पोट दुखतंय. धडधडीत खोटं! ज्याला आभाळ कळत नाही त्यानं वर जाऊ नये. रविवारी घरी गेले की पप्पांना सांगणार — सोडतेय.

१४ ऑक्टोबर
जयराज मेसच्या मागं भेटला. मान खाली.
"तू परत फिरलीस ते मी रेडिओवर ऐकलं. मग आटपाडीकडं गेलोच न्हाई गं. दक्षिणेला जतवरनं वळसा घातला."