खाणीतले दोन बोगदे

११ फेब्रुवारी २०२५, मोहगाव

यंत्र आत गेलं. चार चाकं, कॅमेरा, माइक, लेझर — बस. काल बंद मँगनीज खाणीचं छत बसलं अन् चौकीदार सुमेध आत अडकला. माणसं पाठवली तर उरलेलं छतही येईल, म्हणून नागपूरहून यंत्रासकट मला आणि ऋषिकेशला बोलावलं.

खाली जीपीएस लागत नाही. जुना नकाशा कोणाजवळ नाही. चाकं किती फिरली यावरून यंत्र अंदाज बांधतं, लेझरनं भिंती पाहतं, अन् जाता जाता स्वतःच नकाशा काढतं.

सुमेधची आई देवकाबाई मागं येऊन उभी राहिली. "पोरी, या यंत्राले रस्ता माहीत आहे का?"

"शोधून राहिलं, मावशी."

१२ फेब्रुवारी, सकाळ

यंत्राच्या माइकवर ढिगाऱ्यामागून ठोकल्याचा आवाज. जिवंत आहे! यंत्रानं दाखवलेल्या जागी वरून खणणं सुरू झालं.

१२ फेब्रुवारी, दुपार

नकाशात शेजारीशेजारी दोन बोगदे आहेत. दोन्हींत वाकलेला लाकडी टेकू, दोन्हींवर तशीच चीर. म्हणजे बोगदा एकच! यंत्र फिरून तिथंच आलं, पण जागा ओळखलीच नाही. चिखलात चाकं जागीच फिरली, त्याला वाटलं आपण पुढं गेलो. मग सुमेधची जागाही चुकली. आपण भलतीकडंच खणून राहिलो.

ऋषिकेशला दाखवलं. तो म्हणे, "अन् तू चुकली तर? अर्ध्यावर थांबवलं अन् तो गेला, तर?"

तरी टेकूचे फोटो घेऊन बचावकामाच्या साहेबांकडं गेली.

"तुमचंच यंत्र, अन् तुम्हीच खोटं म्हणता?"

"हो, साहेब."

खणायची मशीन थांबली. देवकाबाई विचारत होती, काहून थांबले. तिच्याकडं पाहवलं नाही.

१३ फेब्रुवारी

दोन्ही बोगदे एक धरून नकाशा पुन्हा जुळवला. नवी जागा उताराकडं निघाली. तिथं खणून राहिले. ठोकणं मात्र बंद झालं. ऋषिकेश माझ्याशी बोलत नाही.

१४ फेब्रुवारी, दुपार

खाली पोकळी लागली. सुमेधला दोरानं वर काढलं — बेशुद्ध, पण श्वास चालू. देवकाबाईनं पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसली. ऋषिकेश बाजूला जाऊन रडला.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

सुमेध सौंसरच्या दवाखान्यात शुद्धीवर आला. पहिलं विचारलं, "प्रतीक निघाला का? त्यालेच आणाले तर आत गेलतो."

प्रतीक त्याचा मित्र. प्रतीकच्या घरचे समजत होते, तो नागपूरला कामावर गेला.

यंत्र पुन्हा आत सोडून राहिलो.