रातचं गोड

माय, तू असताना मी कधी चुलीपुढे बसलो नाही, म्हणून या दिवाळीला माझी चांगलीच फजिती झाली. तेवढी तुला सांगावी म्हणून कागद घेतला होता. पण लिहायला बसल्यावर कळलं की सांगायचं दुसरंच आहे, आणि ते तुला आवडणार नाही.

तू गेलीस तेव्हा माझी लेक नुकती पावलं टाकायला शिकली होती. तिचं लग्न यंदा उन्हाळ्यात झालं. चिखलीला दिली. जावयाचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, घर स्वतःचं आहे, माणसं बरी वाटली. घरात सासू, सासरे, दोन दीर. लग्नाआधी ही पोर इतकी बोलायची की तिची आई कानावर हात ठेवायची. आता फोन केला की म्हणते, "हाव बाबा, बरं आहे. जेवली मी. ठेवू का?" मागे कुणाचा तरी आवाज असतो, भांडी वाजत असतात, आणि फोन बंद होतो. मी बायकोला म्हणायचो, पोर मोकळी बोलत नाही. ती म्हणायची, "नवी नवरी हाय. सासू बाजूले उभी असन, मंग काय पोवाडा गाईन का?" तिचंही खरंच. पण संध्याकाळी मारुतीच्या पारावर हरिपाठ म्हणताना ओठ हलायचे आणि मन चिखलीला असायचं.

मळ्यातली वांगी, मेथी घेऊन मी तिच्याकडे गेलोही होतो. बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या आला. लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत, तू शिकवलं होतंस तसंच केलं. तांब्याला हात लावला, हात जोडले आणि तांब्या परत केला. विहीणबाई हसून म्हणाल्या, "राहू द्या, राहू द्या. नातू झाल्यावर पोटभर पाजू तुमाले पाणी." लेक आतल्या दारात उभी होती. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती आत गेली. त्या दाराच्या आत काय आहे ते मला माहीत नाही. बापाला माहीत असायची रीतच नाही.

दिवाळसणाला जावई यायचे ठरले. संगे विहीणबाईही येणार होत्या, कारण त्यांचा भाऊ मेहकरला असतो. पाडव्याची रात्र आपल्याकडे काढायची आणि भाऊबीजेला सकाळी पुढे भावाकडे जायचं, असा त्यांचा बेत. आणि आठवड्याआधी माझी बायको गोठ्यात शेणावरून घसरली. मनगट मोडलं, हाताला प्लास्टर. फराळाचं शेजारच्या बायांनी करून दिलं, पाडव्याचं पुरणही चुलतभावाच्या घरून आलं. पण भाऊबीजेच्या सकाळी ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. आपल्या पाहुण्यांना सकाळी उठल्यावर काय द्यायचं? जावयाची पहिली दिवाळी आणि त्याच्या पुढ्यात चहा-बिस्कीट ठेवायचं? विहीणबाई ते घरी जाऊन सांगतील आणि ऐकून माझ्या लेकीलाच घ्यावं लागेल. या काळजीनं मला जेवण जाईना. तेव्हा तुझं रातचं गोड आठवलं.

त्याला दुसरं नाव कधी ऐकलं नाही. पाहुणे मुक्कामाला असले की तू संध्याकाळीच दुधात कणीक भिजवून जाड दशम्या करायचीस. त्या मोडून पातेल्यात थर लावायचे, प्रत्येक थरावर गूळ, खोबऱ्याचा कीस, खसखस, जायफळ. वरून सायीचं दूध आणि तूप. झाकणावर निखारे ठेवून पातेलं निवत्या चुलीवर सोडून द्यायचं. सकाळी ते घट्ट बसलेलं असायचं, सुरीनं वड्या कापल्या की झालं. तू म्हणायचीस, "हे केलं की सकाळी बाईले पाहुण्याजवळ बसाले मिळते." पाहुणा आला की चूल पेटवण्यात बाई अडकते आणि माणसं बाहेर बसून राहतात, हे तुला पटत नसे.

पाडव्याला पाहुणे यायच्या आत मी गॅसवर तवा ठेवला. दशम्या वाकड्यातिकड्या झाल्या पण झाल्या. मग दूध उकळलं आणि त्यात गूळ टाकून ढवळलं. दूध फाटलं. पांढरे गोळे एकीकडे, पिवळं पाणी एकीकडे. बायको खाटेवरून मान उंच करून पाहत होती.

"उकळत्या दुधात गूळ टाकला? आता त्याचं पनीर करा अन् विका चिखलीच्या बाजारात."

"मायले करताना म्या पाह्यलं होतं ना."

"पाह्यलं होतं! खाल्लं होतं म्हणा. अहो, गूळ दुधात नाई, थरात टाकतात, अन् दूध निवू देतात. सासूबाईनं सुनेले शिकवलं, लेकाले काऊन नाई शिकवलं कोणास ठाऊक."

शेजारून पुन्हा दूध आणलं. या वेळी ती सांगत गेली आणि मी करत गेलो. तव्यावर पातेलं मंद आचेवर ठेवलं, वर झाकण, झाकणावर वरवंटा. देवापुढे दिवा लावताना म्हटलं, बाबा, बाकी काही मागत नाही, एवढं बसू दे.

सकाळी झाकण काढलं तर बसलं होतं. तळाला थोडं लागलं होतं, पण वास तुझ्या हातचा. वड्या कापल्या, जावयाच्या ताटलीत आधी वाढली. विहीणबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "इवाईबुवा, हे तुमी केलं? आमच्या घरचे गडी त पाण्याचा पेला उचलत नाईत." आणि लेकाकडे पाहिलं. तो बिचारा हसून पुन्हा मोबाईलमध्ये बघू लागला. मग माझी लेक म्हणाली, "बाबा, अजून एक द्या." दिली. ती संपली. "अजून आहे का?" मी वाढत गेलो. मान खाली घालून ती खात होती, बोटं चाटत होती, ताटलीच्या कडेला चिकटलेलं सोडवून खात होती. विहीणबाई म्हणाल्या, "पाहा बरं! आमच्या घरी दोन घासात पोट भरते हिचं. म्हणते, मले भूकच नाई." माझी बायको खुशीत म्हणाली, "माहेरचं अन्न हाय, गोडच लागन." सगळे हसले. मीही हसलो. माय, त्या सकाळी मला जितका आनंद झाला तितका लग्नातही झाला नव्हता. माझ्या हातचं लेकीनं मागून मागून खाल्लं.

ताई दुपारी भाऊबीजेला येणार होती. लेकीला म्हटलं, आत्याला भेटून जा. पण विहीणबाईंना भावाकडे जाऊन दिवस मावळायच्या आत चिखली गाठायची होती. निघताना नळाजवळ मला लेक एकटी सापडली. मी विचारलं, "बरं आहे ना?" तिनं माझी टोपी सरळ केली आणि म्हणाली, "हाव. तुम्ही काऊन इतकं विचारता, बाबा?" तेवढ्यात मोटारसायकल सुरू झाली.

ताई डोणगावच्या बसनं आली. आता तिचं वय झालं, पण आवाज तसाच, गल्लीच्या टोकापासून ऐकू येतो. पातेलं उघडून म्हणाली, "अरे बाप्पा, मायचं रातचं गोड! अन् बहिणीले खरवड ठेवली का रे?" मी मोठ्या कौतुकानं सांगितलं की तुझ्या भाचीनंच संपवलं, सारखी मागत होती. ताई हसता हसता थांबली.

"मागून मागून खाल्लं?"

"हाव."

"बोलत होती का खाताना?"

मी आठवलं. "नाई. मान खाली घालून खात होती."

ताई खाटेच्या कडेला बसली. मग पातेल्यातली खरवड बोटानं काढत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माह्या पहिल्या दिवाळीले म्या बी असंच खाल्लं होतं. मायले वाटलं, लेकीले माहेरचं गोड लागून राह्यलं. साऱ्या गल्लीत सांगत होती. मले भूक लागली होती रे."

ताई सांगत राहिली. मोठं कुटुंब होतं. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासू, मग मोठ्या जावा, शेवटी ही. "कोणी मारलं नाई, शिवी देली नाई. खोटं काऊन बोलू? फक्त माह्या पाळीले भाकरी संपलेली राहे."

"मायले काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? सासरी जेवाले भेटत नाई म्हणू? अन् माय यायची त ओसरीत बसायची. आपल्या फडक्यातली दशमी सोडायची, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायची. ती एक दिवस माह्यासंगं सैपाकघरात जेवाले बसली असती, त सांगाची गरजच नव्हती." मग एकदम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "पोरगा झाला, मंग माहं ताट आधी लागाले लागलं. आता त सुना म्हणतात, आत्याबाई, जरा कमी खात जा."

मी विचारलं, "पोरीचंही तसंच असन का?"

"मले काय माहीत? नसन बी. तुह्या हातचं खरंच चांगलं झालं असन. खरवड त चांगली हाय." पातेलं खाली ठेवून म्हणाली, "इथं बसून कसं कळन रे तुले?"

माय, तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुला कधी कळलं नाही, आणि मी हे तुला कळवावं की नाही यावर बरेच दिवस घालवले. तू भक्तीनं पाळायचीस. "लेक दान केली. त्या घरचं पाणी पिलं त दान वापस घेतल्यावानी होते," असं म्हणायचीस. मी लहान असताना तुझ्यासोबत ताईच्या सासरी गेलो होतो ते आता सारखं डोळ्यापुढे येतं. ओसरीत आपण बसलो आहोत. तू फडकं सोडतेस. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी आहे आणि म्हणते, "माय, एक घास त खा आमच्या घरचा. आत ये ना." तू म्हणतेस, "वेडी का काय?" ताई पुन्हा म्हणते, "ये ना, माय." तू हसतेस आणि दशमीचा तुकडा माझ्या हातात देतेस. त्या वेळी मला वाटलं होतं, ताई पाहुणचार करते आहे.

लेकीकडे जाऊन जेवायचा विषय बायकोजवळ काढून पाहिला. ती घाबरली. म्हणाली, "सासूबाईनं जलमभर पाळलं. तुमी मोडान, अन् उद्या पोरीच्या लेकराबाळाले काही कमीजास्त झालं त? मंग काय करान?" खरं सांगतो, मलाही तीच भीती आहे. मी देवाचं करणारा माणूस आहे, रीत मोडायची मला सवय नाही. मारुतीपुढे बसून विचारलं. काही कळलं नाही. समजा तिकडे सगळं नीट असलं, पोर पोटभर जेवत असली, तर मी विनाकारण रीत मोडलेली असेल. आणि नीट नसलं तर मी काय करणार आहे, तेही मला ठाऊक नाही. विहीणबाईंना काय बोलणार? जावई चांगला आहे, पण त्यानं कधी मान वर करून पाहिलं आहे का, की आपल्यानंतर कोण जेवतं? मी तरी कधी पाहिलं होतं? आपल्याही घरी तू शेवटीच बसायचीस.

आज दुपारी चिखलीला फोन केला. ती म्हणाली, "हाव बाबा, बरं आहे." मी म्हटलं, "उद्या येतो. जेवायला."

पलीकडे भांडी वाजायची थांबली. "जेवाले? तुम्ही?"

"हाव. काही नवं करू नको. रोजचंच. अन् मला बाहेर वाढू नको, तू बसतेस तेव्हा तुझ्यासंगं वाढ."

मग हळू म्हणाली, "माहं त सगळ्याचं झाल्यावर असते, बाबा. लई उशीर होईन तुमाले."

"होऊ दे," म्हटलं. यावर ती हसली की नाकानं श्वास ओढला, ते मला फोनवर समजलं नाही. तेव्हापासून तेच आठवतो आहे.

सकाळच्या गाडीनं निघेन. बायकोला सांगितलं आहे की वांगी पोचवून येतो. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, आणि तू परवानगी देणार नाहीस हेही मला माहीत आहे, म्हणून फोन आधी केला आणि लिहायला नंतर बसलो. एक तेवढं कबूल करतो, माय. तिच्या ताटात पोटभर वाढलेलं दिसलं, आणि माझी सगळी भीती खोटी निघाली, तरी मी न जेवता तसाच उठून येणार नाही. लग्न झाल्यापासून मला तिच्या हातची भाकरी खावीशी वाटते आहे.