राजेश्रीनं न खाल्लेल्या अकरा गोळ्यांची नोंद खोडणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, जि. परभणी

विषय : "औषधोपचार पूर्ण" ही खोटी नोंद खोडून माझ्या बहिणीला हिवतापाच्या गोळ्या परत देणेबाबत.
संदर्भ : १) माझे आधीचे दोन अर्ज, ज्यांची पोच दिली न्हाई. २) सोमवारी तुमी मला "चल, निघ" म्हणालात ते.

महोदय,

अर्जदार बारावी नापास हाय. मोबाईलवर वाचून शिकलेला. आधीच सांगतो, म्हणजे तुमाला विचारायची तकलीफ नको.

१) मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझी थोरली बहीण राजेश्री हिला हिवताप निघाला. गोळ्या चौदा दिवसांच्या. तिसऱ्याच दिवशी ऊसतोडीची गाडी भरली. तुमचे आरोग्यसेवक रंगनाथ यांनी उरलेल्या अकरा गोळ्या कागदात बांधून दिल्या आन् रजिस्टरात चौदाही दिवसांच्या खुणा उभ्याउभ्या मारून टाकल्या.

२) आता आमची चूक. फडावर लोक तापानं फणफणले होते. आमच्या आईनं, चतुराबाईनं, एकेकाला एकेक गोळी वाटली. मी तिला लय बोललो. ती म्हणली, "समोर माणूस कुडकुडायलाय आन् मी पुडी कनवटीला लावून बसू का रे?" ती गोळी काहींच्या रक्ताला बाधते, तपासल्याबिगर कुणालाही द्यायची नसते, हे मला नंतर कळलं.

३) तेव्हापासून राजेश्रीचा ताप तीनदा उलटला. तुमी रजिस्टर बघून म्हणालात, "कोर्स पूर्ण हाय, हा नवा ताप. आधी रिपोर्ट आणा." रक्त घ्यायला रंगनाथ आले चार दिवसांनी, ताप उतरल्यावर. निगेटिव्ह. चारठाण्यात मेडिकल पालथे घातले, तिथं ही गोळी न्हाई.

साहेब, हा जंतू लिव्हरच्या पेशीत दडतो आन् महिन्यांनी उठतो. त्या दडलेल्याला मारायलाच ह्या चौदा दिवसांच्या गोळ्या असतात. मी हे सांगायला गेलो तर तुमी हसलात, "डॉक्टर कोण, तू का मी?" म्हणून लिहूनच देतो. पेशीत आरएनए नावाच्या चिठ्ठ्या असतात. त्या धरून ठेवणारी वेगळी प्रोटीनं असतात. कोणती चिठ्ठी वाचायची, कोणती दाबायची, कोणती फाडायची, हे त्यांच्या हातात. काही परजीवी आत शिरले की माणसाच्या ह्याच प्रोटीनांत फेरफार होतो आन् पेशी त्यांच्या सोयीनं चालायला लागते, असं दिसलंय. नेमकं कसं, ते शास्त्रज्ञ अजून शोधायलेत. मला ते लवकर समजलं, कारण मी तुमच्या ऑफिसात येतो. माझे दोन अर्ज कुणी फाडले न्हाईत. नुसते धरून बसलेत.

४) यंदा गाडी २४ तारखेला भरणार. आज ८. चौदा दिवस मोजा. परवाच्या पुढं गेलं की जमत न्हाई. रंगनाथ म्हणतात, "नोंद खोडली तर माझी नोकरी जाईल आन् तुझ्या आईवर केस होईल." होऊ द्या. आई तयार हाय, अंगठा जोडलाय. या खेपेला पुडी देऊ नका. राजेश्री रोज येऊन तुमच्यासमोर गिळंल.

५) आज सकाळपासून तिला परत थंडी वाजायलीय. मोटारसायकलवर मधी बसवून, आईनं मागून धरून आणलंय. ती तुमच्याच व्हरांड्यात दोन गोधड्या घेऊन बसलीय. हा अर्ज मी तिच्याशेजारी बसून टाईप केला, समोरच्या दुकानातून छापून आणला. यावर अभिप्राय लिहू नका. आवक-जावक करू नका. काचपट्टी आन् सुई घ्या आन् बाहेर या. अंगात ताप हाय तोवर.

नम्र लिहायची पद्धत हाय म्हणून नम्र,
हरिओम सटवाजी गिराम
दि. ८ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) आईचा जबाब, अंगठ्यासह. २) पेशीचं चित्र, पेन्सिलीनं, मी काढलेलं.