पिवळी खोली

अहो,

साताऱ्याला अक्काकडे जातेय. पोळ्या डब्यात आहेत, आमटी स्टोव्हवर गरम करून घ्या.

पिवळ्या रंगानं मन प्रसन्न होतं, असं दुकानदार म्हणाला, म्हणून तुम्ही हौसेनं खोली रंगवलीत. माझ्यासाठीच केलंत, कळतं मला. पण त्या भिंतींकडे मला बघवत नाही. आपला मधू गेला तेव्हा त्याचे डोळे अस्सेच पिवळे होते.

कावीळ उतरावी म्हणून सासूबाई रोज त्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुवायच्या. पाणी पिवळं झालं की तुम्ही म्हणायचात, "बघ, उतरतेय." दवाखान्याचं नाव मीही काढलं नाही.

रंग खरवडून खोलीला साधा चुना मारून घ्या, मग मी येते. निदान भिंतीचं पिवळं तरी चुन्यानं जाईल.

शरयू