मोलकरणीचं काम कुणाला

दि. ४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. शर्टांच्या कारखान्यात मला आता कॉलरच्या मशीनवर बसवलंय. हे दिवसभर बस चालवून येतात आणि जेवता जेवता पेंगतात. काळजी आहे ती तुझ्या लाडक्या भाचीची.

शाळेत नाटक बसतंय. मोलकरीण कोण होणार, असं बाईंनी विचारलं आणि अख्ख्या आठवीने एका सुरात बिट्टीचं नाव घेतलं. आपल्या मुलखातल्या बायका इथे घरोघरी झाडूफरशी करतात ना! एकीने आपल्या बोलण्याचा हेल काढून दाखवला. एक मुलगा म्हणे म्हणाला, हिला मेकअपही नको. सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या, ते तिला जास्त लागलंय.

घरी आली ती न्हाणीघराची कडी लावून बसली. आता म्हणते, मामाकडे राहीन, तिथेच शिकेन. हे म्हणतात, आपण इथे नवे, हसण्यावारी न्यावं. मला वाटतं, तडक मुख्याध्यापिकांपुढे जाऊन उभं राहावं. तू तिला काहीतरी लिही. तुझं ती ऐकते.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

दि. ११ ऑगस्ट

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र दुकानातच वाचलं. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या सायकलचं हँडल उलटं बसवलं. आता तो कुठे जायला निघून कुठे पोचला असेल, देव जाणे.

तुला यायचं तर खुशाल ये. मामीने मागची खोली झाडून ठेवलीय. तुझी आई रागावेल, तिचं मी बघतो. एकच विचारतो. तुला ते काम नकोय, की ज्या कारणाने दिलं ते कारण? दोन्ही नको असेल तरी माझी हरकत नाही. पण ठरव तू, आणि काय ठरवलंस ते तूच लिही.

रडून सर्दी झाली असेल तर आधी वाफ घे.

तुझा मामा

दि. २३ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न.

मी येत नाहीये. मामीला सॉरी सांग.

तुझं पत्र वाचून मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले. बाईंना म्हटलं की मोलकरीण व्हायची मला लाज नाही, माझी काकू तेच काम करते. पण मला अभिनय येतो का, हे कुणी बघितलंच नाही. सगळ्यांकडून सगळी कामं वाचून घ्या, मग ठरवा. मागून कुणीतरी म्हणालं, अगं गंमत केली. मी म्हटलं, गंमत असती तर मीपण हसले असते.

बाईंनी हातातली वही मिटली. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या की त्या दिवशी त्या हसल्या, ते चुकलंच.

वाचन झालं आणि मला तिरसट न्यायाधीश आजोबांचं काम मिळालं! मोलकरीण झाली ती हेल काढणारी. मधल्या सुट्टीत विचारत आली, तुमच्यासारखं बोलायला शिकवशील का. मी म्हटलं, तू तुझ्यासारखंच बोल, मोलकरीण तुमच्यातलीही असू शकते. ती गेली आणि डबा घेऊन माझ्याच बाकावर येऊन बसली. तो मेकअपवाला मुलगा अजून बोलत नाही. नाही तर नाही.

मिशी लावली की शिंका येतात. काय करू?

तुझी,
बिट्टी

दि. १५ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल नाटक झालं. बिट्टी काठी टेकत आली आणि पहिलंच वाक्य आपल्या हेलात बोलली. हॉलभर कुजबूज झाली. आपल्यासारखा बोलणारा न्यायाधीश या लोकांनी कधी पाहिलाच नसेल. पण पोरगी बिचकली नाही. काठीवर हनुवटी टेकून सगळ्यांकडे अशी बघत राहिली की हॉल चिडीचूप. मग पुढचं वाक्य टाकलं आणि असा हशा उसळला! हे हसणं वेगळं होतं रे. हे ड्यूटी बदलून आले होते. यांनी तर चक्क शिट्टी मारली, मी चिमटा काढला.

हिच्यात हे आलं कुठून? कारखान्यात कुणी काही बोललं की मी अजून मान खाली घालून कॉलर शिवते.

शेजारच्या बाईंनी विचारलं, यात तुमचं कोण. एरवी परक्यांशी मी हळू आवाजात, त्यांच्यासारखं बोलायची धडपड करत बोलते. काल आपल्या घरच्या बोलीत खणखणीत सांगितलं, ते न्यायाधीश ना, ती माझी लेक. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या.

मी बघू दिलं.

तुझी धाकटी