एकवीसशे साठ मीटर

१६ मे २०१९
आज बेटावर पोचलो. बेट नुसतं म्हणायचं, सध्या सभोवती पाणीच नाय. धरण पार आटलंय. उरलंय ते शहराच्या पाइपापुरतं. होडीत बसायची हौस राहिली. तडकलेल्या गाळावरून पायी आलो. कामावरचा जोडीदार खंडेराव म्हणाला, जिंतूरचा गडी दर्या बघायला निघाला अन् पायाला धूळ लागली. लई हसलो.

काम असं : काठापासून बेटावरच्या बारा घरांपर्यंत चर खणून केबल पुरायची. चौतीसशे मीटर, पाणी परत यायच्या आत. मग वर धरण भरू दे, खालून नेट चालणार, शहरापेक्षा जोरात. मधुसूदन साहेबांनी रोजचे मीटर लिहायला ही वही दिली. मी सातवीतून पळालेलो. पुणं, सुरत, भिवंडी, कुठंच टिकलो नाय, पण अक्षर चांगलंय. म्हणून मीटरखाली बाकीचं पण लिहिणार.

मुक्काम बानाबाईकडं. मेंढरांचं घर. भाकरी, ठेचा, वर दूध. आईला फोन करायचा राहून जातोय. दोन महिने झाले.

१९ मे
४१० मीटर. वाटेत जुनं गाव लागतं. धरणात बुडालेलं, यंदा उघडं पडलंय. जोती, उंबरे, वेशीचे दोन दगडी खांब. बानाबाईनं बजावलंय, वेशीतून जाता-येता मोठ्यानं सांगायचं, कुणाकडं चाललो ते. ‘बानाबाईकडं चाललो,’ बस. मोघम बोलायचं नाय. नायतर खालच्यांना वाटतं, पाहुणा आपलाच. खंडेराव म्हणाला, मावशे, चहा पाजत असतील तर जातो की त्यांच्याकडं. ती हसली नाय. म्हणाली, पाजतील, मग उठू देणार नायत. आम्ही रोज ओरडतो. खंडेराव तर लग्नाच्या वरातीतल्यासारखा.

२७ मे
२१६० मीटर. इथं जोडाची पेटी बसवायची. नेमकी जागा एका घराच्या आत आली. एकच भिंत उभी, तिच्यात कोनाडा. बारा वाजलेले, सावली तेवढीच. तिथंच बसून भाकरी खाल्ली. समोर चुलीचे दगड जसेच्या तसे.

वर येऊन सांगितलं, तर बानाबाईनं विचारलं, उंबऱ्याच्या आत बसला का बाहेर. आत. सगळी भाकर खाल्ली का. व्हय. मग तिनं सांगितलं, ते कडूबाईचं घर. तिचा लेक कामाला लांब गेलेला. गाव उठलं तेव्हा कडूबाई उठली नाय. लेक आला तर चूल थंड दिसंल म्हणाली. पाणी उंबऱ्याला लागलं तरी भाकरी थापत होती.

खंडेराव म्हणाला, चला, तुला एक आई वाढली. बानाबाईनं त्याला असं झापलं, की जेवणं होईस्तोवर मान वर केली नाय त्यानं.

६ जून
बाराही घरांत नेट आलं! बानाबाईनं गुरांच्या चारा छावणीत राहिलेल्या नातीला, रत्नमालाला बघितलं. चुलता, चुलती, मेंढरं राखणारे, सगळे एका फोनवर वाकलेले. बानाबाई फोनवरच तिच्या गालावरून हात फिरवत होती. केवढी वाळलीस गं, कोण हाय का नाय तिथं तुला खाऊ घालणारं. मला पण रडू आलं. आईला फोन लावणार होतो. उद्या.

९ जून
देखभालीला आम्ही दोघं इथंच थांबलोय. नेट गेलं. केबल कुठं तुटली ते आमचं यंत्र मीटरमध्ये सांगतं. त्यानं सांगितलं, २१६०. गेलो. पेटी उघडी. तार सोडवून कोनाड्यात ठेवलेली, नीट गुंडाळून. उंदीर असं करत नाय. जोडली, तरी यंत्र २१६० वरच. दमून बसलो, भाकरी खाल्ली. वरून खंडेरावचा फोन, आलं रं नेट.

१४ जून
परत २१६०. या वेळी खंडेराव गेला. तीनदा जोडली, आलं नाय. मी गेलो, बसलो, खाल्लं. आलं.

२१ जून
पाऊस नाय. गाळ तव्यासारखा तापलाय अन् मला चटका लागत नाय. आज बाभळीचा काटा चपलेतून आरपार गेला. बानाबाईनं दाखवला तेव्हा कळलं. उपसला तर रक्त आलं नाय. पाणी आलं, थोडंसं. गढूळ.

खंडेराव मस्करी करायचा थांबलाय.

२ जुलै
रोज २१६०. खंडेराव म्हणतो, पडू दे बंद, साहेबाला मी बघतो. बानाबाई म्हणते, नेट नको आम्हाला, रत्नमालाला मी एसटीनं जाऊन बघीन, तू तुझ्या आईकडं जा. दोघांचं बरोबर आहे. मला भीती वाटायला पाहिजे. वाटत नाय. पाय नाय, भीती नाय. तिथं बसलं की बरं वाटतं. आज सकाळी गेलो तर चुलीत राख होती. गरम होती म्हणं. म्हणजे खंडेरावनं हात लावला. मला कळलं नसतं.

१८ जुलै
बोटं पण गेली. अक्षर बिघडलं.

आईला फोन लावला शेवटी, चेहरा दिसतो तो. आई रडली, हसली. मग विचारलं, डोकं ओलं कशानं रं. आंघोळ करून आठ दिवस झालेत — टँकर आला नाय.

ये म्हणाली. येतो म्हणालो.

३० जुलै
आभाळ कोरडं. पण वर नाशिककडं पडलाय. पाणी येतंय. भर उन्हात, गाळाच्या भेगा-भेगांतून, मुंगीसारखं. उद्या वाट बुडणार. खंडेराव सामान घेऊन म्होरं गेला, काठावर गाडी उभी करतो म्हणाला. बानाबाईनं तीनदा घोकून घेतलं — वेशीत म्हणायचं, बानाबाईकडून आलो, जिंतूरला आईकडं चाललो. तोंडावरून हात फिरवला तिनं. कळला नाय.

३० जुलै, दुपार
वेस. पाणी घोट्याला. असावं, दिसतंय तसं.

जीभ जड. मोठ्यानं म्हणालो. ऐकलं मीच —

घरी चाललो, आई.

एवढंच. जिंतूर राहिलं. कुणाची आई ते राहि

परत म्हणायला तोंड उघडलं. पाणी आलं तोंडातून.

नंतर
काठावर खंडेराव. हात हलवतोय. माझं नाव. फोन वाजतोय — आई — लांब आहे, कोनाड्यात.

यंत्र लावलं. तूट नाय कुठंच. बारा घरं चालू.

तेरा.

चूल पेटलीय. पाणी उंबऱ्याला. ती थापतीय, पाठमोरी. भूक नाय म्हणालो, तर म्हणाली, लांबून आलास, एक तरी खा, अन् वळली, अन् तिला माझ्या आईचा चेह