पाच मिनिटांची वही

४ मार्च २०२४

आजपासून संडासाची किल्ली माझ्या टेबलावर. लाकडी ठोकळ्याला बांधलेली — हरवू नये म्हणून! मोतीलालशेठ म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं प्रामाणिक माणूस कारखान्यात कोण आहे?" मसाला पॅकिंगला बावीस बायका. किल्ली नेल्याची, आणल्याची वेळ वहीत लिहायची. पाच मिनिटांवर गेली की नाव शेठकडे. तीनदा गेलं की कामावरून घरी.

संडास गोदामामागे. मी चालून पाहिलं — जाण्यायेण्यालाच चार मिनिटं.

७ मार्च

मंदाबाई किल्ली घेताना म्हणाली, "ताई, घड्याय तुमनं शे, पोट आमनं शे!" बायका हसल्या. मीही. ती नऊ मिनिटांनी आली. मी पाच लिहिली.

८ मार्च

महिला दिन. प्रत्येकीला गुलाब, आणि तणावमुक्तीवर व्याख्यान. "दीर्घ श्वास घ्या!" मिरचीचा खकाणा उडत होता. बावीस जणी एकदम खोकल्या.

१५ मार्च

आता सगळ्यांची पाचच लिहिते. खोटं आहे. पण कुणाचं नुकसान होतं का त्यानं? स्वतःलाच विचारलं. उत्तराला पाच मिनिटांहून जास्त लागली.

२ एप्रिल

पॅकिंगमधली रेशमा चक्कर येऊन पडली. साक्रीकडची पोर. डॉक्टर म्हणाले, लघवीत संसर्ग, पाणीच पीत नाही.

"का गं?"

"प्यायलं की किल्ली मागावी लागते ना, ताई."

"अगं, मी सगळ्यांची पाचच लिहिते!"

"ते आम्हाला कुठं माहीत?"

खरंच. सांगितलंच नव्हतं. शेठच्या कानावर जाईल म्हणून.

१२ एप्रिल

रेशमानं कामगार कार्यालयात तक्रार केली. तपासणीचे साहेब आले. शेठनी वही पुढे सरकवली. "बघा, सगळ्या पाच मिनिटांत परत. कुणाचीच गैरसोय नाही. आणि आमच्या प्रज्ञा मॅडम एक अक्षर खोटं लिहायच्या नाहीत."

साहेब रेशमाला म्हणाले, "मग बाई, तूच खोटी?"

ती माझ्याकडे बघत होती. मी वहीकडे.

शेठ जाताना म्हणाले, "सोमवारपासून तिला येऊ नको म्हणून सांगा. तुमच्या पद्धतीनं, गोड."

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीला जाताना धम्मपालला सगळं सांगितलं. एरवी नवरा म्हणून भरपूर बोलतो. आज एवढंच — "वही कारखान्याची. अक्षर कुणाचं?"

१५ एप्रिल

तपासणीच्या साहेबांना लेखी दिलं: वहीतल्या वेळा खोट्या, मी लिहिलेल्या. रेशमा खरी.

मग वहीत शेवटची नोंद. नाव — प्रज्ञा. किल्ली नेली — ९.१०. परत आणली — कोरं.

संडासाचं कुलूपही माझ्या पिशवीत आहे.